किल्लारीच्या रानाला एक चुंबकीय केंद्र हवे

३० सप्टेंबर १९९३ची पहाट लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्याला नव्याने सांगावी लागत नाही. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपली होती आणि तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावे दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली. सुमारे दहा हजार माणसे गेली. मदतकार्य, पत्र्याचे निवारे, नवी गावठाणे, पुनर्वसनातले घोळ, या सगळ्यावर भरपूर लिहून झाले आहे आणि ते लिहायलाच हवे होते. या भूकंपाची एक बाजू मात्र शास्त्रज्ञांच्या निबंधांबाहेर फारशी आलीच नाही. भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेची माणसे याच काळ्या रानात चर खणून चुंबकीय वेटोळी पुरत होती, तारा अंथरत होती. जमिनीत खोलवर काय आहे ते त्यांना पाहायचे होते, पण त्यासाठी त्यांनी सुरुंग लावले नाहीत की वीज सोडली नाही. हजारो किलोमीटर उंचीवरून, पृथ्वीच्या चुंबकावरणातून आपसूक येणाऱ्या मंद चुंबकीय लहरींची नोंद घेत ते बसले. त्या लहरींनी किल्लारीच्या पोटातले जे दाखवले ते महत्त्वाचे होते. मोजणी संपली, सामान गाडीत चढले आणि माणसे परत गेली. अशा मोहिमा येतात आणि जातात. माझे म्हणणे असे, की या भागाला या लहरी रात्रंदिवस, वर्षानुवर्षे टिपणारे कायमचे केंद्र हवे. आकाशात इतके उपग्रह फिरत असताना जमिनीवरच्या केंद्राची गरज उरली नाही, हा जो समज आहे, तो मुळातून चुकीचा आहे.

या लहरींना भूचुंबकीय स्पंदने म्हणतात. सूर्यापासून विद्युतभारित कणांचा वारा सतत वाहत असतो. सेकंदाला साधारण चारशे किलोमीटर हा त्याचा नेहमीचा वेग. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र त्याला अडवते आणि या अडवण्यातून पृथ्वीभोवती चुंबकावरण नावाची पोकळी तयार होते. वाऱ्याचा दाब कमीजास्त झाला की ही पोकळी दबते, फुगते, तिच्या कडेला लाटा उठतात. त्या आत शिरतात आणि जमिनीपर्यंत पोचतात तेव्हा चुंबकीय क्षेत्रात बारीक चढउतार दिसतात. काहींचा आवर्तकाल सेकंदाहूनही कमी असतो, काहींचा दहा मिनिटांपर्यंत जातो. आपल्याकडे चुंबकीय क्षेत्राची एकूण तीव्रता चाळीस हजार नॅनोटेस्लांच्या वर आहे आणि ही स्पंदने बहुधा एखाद्या नॅनोटेस्लाची, कधी त्याहूनही लहान. एवढीशी थरथर पकडायची म्हणजे उपकरण हलता कामा नये, तापता कामा नये आणि जवळपास लोखंड फिरता कामा नये. तरीही माणसाने ती उपग्रहांच्या जवळपास शंभर वर्षे आधी पकडली. १८५९च्या प्रचंड सौर वादळाच्या नोंदी तपासताना बाल्फोर स्ट्युअर्ट यांना लंडनजवळच्या क्यू वेधशाळेच्या आलेखात अशी नियमित कंपने आढळली आणि १८६१मध्ये त्यांनी ती जाहीर केली. त्याच वादळात मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी कोसळल्याची नोंद झाली होती. त्या वादळाची ताकद किती, याचा हिशोब २००३ साली शास्त्रज्ञांनी नव्याने मांडला तो कुलाब्याच्या या नोंदीच्या आधारे. नोंद ठेवणाऱ्याला तिचा उपयोग ठाऊक नसला तरी चालते. नोंद मात्र असावी लागते.

किल्लारीत या स्पंदनांचा उपयोग कसा झाला ते जरा तपशिलात पाहू. वरून आलेली चुंबकीय लहर जमिनीत शिरते तेव्हा खडकांत क्षीण विद्युतप्रवाह उठतात. खडक विजेला किती वाट देतो यावर हे प्रवाह ठरतात. वरचे बदलते चुंबकीय क्षेत्र आणि जमिनीतले विद्युत क्षेत्र एकाच वेळी मोजले, की त्यांच्या प्रमाणावरून खालच्या खडकाची वाहकता कळते. लहर जितकी संथ तितकी ती खोल जाते. म्हणून सेकंदाच्या अंशापासून कित्येक मिनिटांपर्यंतच्या लहरी नोंदवल्या तर वरच्या थरापासून कवचाच्या तळापर्यंतचे चित्र उभे राहते. या पद्धतीला मॅग्नेटोटेल्युरिक म्हणतात. मराठवाड्यात तिचे मोल जास्त, कारण इथे सगळ्यावर काळ्या पाषाणाचे झाकण आहे. किल्लारीला ६१७ मीटर खोल भोक घेतले तेव्हा वरचे ३३८ मीटर बेसाल्टच निघाले; मग आठेक मीटर गाळाचा थर, आणि त्याखाली भारताच्या द्वीपकल्पाचा अतिप्राचीन पाया. भूकंप झाला तो या पायात, काही किलोमीटर खोल. वरून पाहणाऱ्या भूशास्त्रज्ञाला तिथली भेग दिसणे शक्यच नव्हते. चुंबकीय लहरींना बेसाल्टची अडचण नसते. हैदराबादच्या संस्थेचे तेव्हाचे संचालक हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला, की भूकंपनाभीच्या खालच्या भागात खडक अपेक्षेपेक्षा फार जास्त वाहक आहे आणि त्याचा सरळ अर्थ तिथे भेगाळलेल्या खडकात द्रव आहे असा लागतो. एरवी स्थिर समजल्या जाणाऱ्या भूभागात इतका विध्वंसक भूकंप का व्हावा, या प्रश्नाला मिळालेल्या मोजक्या ठोस उत्तरांपैकी हे एक आहे.

पण ते एका वेळचे चित्र आहे. तो द्रव तिथे किती काळ आहे, हलतो का, वाढतो का, यांची उत्तरे एका मोहिमेतून मिळत नाहीत. शिवाय फिरत्या पथकाचे नशीब सूर्याच्या मर्जीवर असते. सूर्य शांत असेल तर स्पंदने इतकी दुबळी असतात, की सगळी उपकरणे मांडून हाती फारसे लागत नाही. आपल्यासारख्या कमी अक्षांशाच्या प्रदेशात तर ती मुळातच अशक्त. दहा वर्षे एका जागी बसलेल्या उपकरणाला ही अडचण नाही. वादळी आठवडे आपणहून त्याच्याकडे येतात.

आता पहिला आक्षेप, आणि तो वजनदार आहे. युरोपचे स्वॉर्म हे तीन उपग्रह नोव्हेंबर २०१३पासून पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र मोजत आहेत. त्यांच्या आधी डेन्मार्कचा ओर्स्टेड होता, जर्मनीचा चॅम्प होता. आपला आदित्य एल-१ जानेवारी २०२४पासून पंधरा लाख किलोमीटरांवर बसून सूर्याकडून येणाऱ्या वाऱ्यातले चुंबकीय क्षेत्र मोजतो आहे. एवढे असताना औशाच्या शिवारात खड्डा खणून पेटी कशाला पुरायची? उत्तर साध्या गुणाकारात आहे. स्वॉर्म सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर वेगाने धावतो. दहा मिनिटांचे एक स्पंदन पूर्ण व्हायच्या आत तो साडेचार हजार किलोमीटर पुढे गेलेला असतो. औशावरून निघालेला, चीनच्या उत्तरेला पोचलेला. त्याला दिसलेला चढउतार काळाबरोबर झाला की जागा बदलल्यामुळे दिसला, हे त्याला एकट्याला सांगता येत नाही. धावत्या एसटीच्या खिडकीतून सोयाबीन हिरवे-पिवळे दिसत गेले म्हणून पीक वाळते आहे असे कुणी म्हणत नाही, तसेच हे. तीस सेकंदांच्या स्पंदनातही त्याची सव्वादोनशे किलोमीटरांची धाव होते. काळ आणि जागा यांची ही गाठ सोडवायला खाली एक न हलणारा साक्षीदार लागतो.

दुसरी अडचण हवेतलीच आहे. जमीन आणि उपग्रह यांच्यामध्ये आयनांबर, म्हणजे वरच्या हवेतला विद्युतवाहक थर, येतो. तो वरून आलेली लहर जशीच्या तशी खाली सोडत नाही. काही लहरींची कंपनदिशा जवळपास काटकोनात वळते, लहान विस्ताराच्या लहरी खाली पोचेपर्यंत पुसल्या जातात, दिवसा आणि रात्री हे सगळे बदलते. त्यामुळे जमिनीवरची नोंदही एकटी अपुरीच. तिला वरचा साक्षीदार लागतो. गीता जाधव, मीता राजाराम आणि आर. राजाराम यांनी २००१ साली नेमक्या याच प्रश्नावर काम प्रसिद्ध केले होते: दिवसा येणाऱ्या दाबलहरींमध्ये आयनांबर काय फेरफार करते, ते त्यांनी ओर्स्टेडच्या नोंदींतून दाखवले. अमेरिकेने २००७ साली थेमिस मोहिमेत पाच उपग्रह सोडले तेव्हा त्यांच्या जोडीला उत्तर अमेरिकेत जमिनीवरची केंद्रेही त्याच योजनेचा भाग म्हणून उभारली. पाच उपग्रह असलेल्यांनाही जमीन सोडता आली नाही, हे आपण लक्षात घेतलेले बरे.

आदित्यमुळे तर जमिनीवरच्या केंद्राची किंमत वाढली आहे. दहा ते पंचेचाळीस सेकंदांची स्पंदने बरेचदा पृथ्वीच्या पुढ्यात, सौरवारा जिथे अडतो त्या धक्क्याच्या सूर्याकडच्या बाजूला जन्मतात. त्यांची कंपनसंख्या ठरते वाऱ्यातल्या चुंबकीय क्षेत्राच्या तीव्रतेवर आणि हे नाते बरेच पक्के आहे: नॅनोटेस्लातल्या आकड्याला सहाने गुणले की कंपनसंख्या मिलीहर्ट्झमध्ये मिळते. वाऱ्यात क्षेत्र पाच नॅनोटेस्ला असेल तर स्पंदन तेहतीस सेकंदांच्या आसपासचे. म्हणजे आदित्यने वर मोजलेला आकडा साधारण तासाभराने, सौरवारा इथवर पोचल्यावर, औशाच्या मातीत पुरलेल्या उपकरणाच्या आलेखात तपासता येतो. क्षेत्राची दिशा अनुकूल नसेल तर हे स्पंदन येणारच नाही, आणि ते न येणेही माहितीच असते. औशासारख्या ठिकाणाचा आणखी एक गुण आहे. इथून निघणारी चुंबकीय बलरेषा ध्रुवाकडच्या रेषांसारखी अवकाशात दूरवर जात नाही. दोनचारशे किलोमीटर चढते आणि चुंबकीय विषुववृत्त ओलांडून परत खाली येते. ती आयनांबरातच अडकलेली असल्यामुळे स्वतःच्या सुरात घुमत नाही. उत्तरेकडच्या केंद्रांवर स्थानिक घुमण्याचा गोंगाट असतो. इथे पोचते ते बहुतांशी दुरून, अख्ख्या चुंबकावरणातून झिरपलेले. दुबळेपणाच्या बदल्यात स्वच्छपणा मिळतो, असा हा सौदा आहे.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा: अलिबागला शंभर वर्षांहून जुनी, जगात नावाजलेली चुंबकीय वेधशाळा आहे, हैदराबाद आणि चौटुप्पलला आहे, मध्ये आणखी एक कशाला? स्पंदनांचा उगम पाहायचा एवढाच हेतू असता तर हा आक्षेप मी मान्य केला असता. तो उगम इतका दूर आहे, की अलिबाग आणि औसा यांच्यातल्या सुमारे पावणेचारशे किलोमीटरांच्या अंतराने वरच्या चित्रात थोडाच फरक पडतो. फरक पडतो तो खालच्या चित्रात. अलिबागला पायाशी समुद्र आहे. खारे पाणी विजेचे उत्तम वाहक असल्यामुळे तिथल्या लहरींना समुद्रातल्या प्रवाहांची ओढ लागते. चौटुप्पलची जमीन ग्रॅनाइटची, तिथे बेसाल्टचे झाकणच नाही. किल्लारीच्या खालच्या द्रवाचे बोलणे किल्लारीच्या आसपासच ऐकू येणार. आणि अलिबाग असल्याचा खरा फायदा इथे केंद्र झाल्यावरच मिळेल. या शास्त्रात एक जुनी युक्ती आहे: दोन दूरच्या ठिकाणी एकाच वेळी मोजणी करायची. निसर्गाची लहर दोन्हीकडे सारखी येते, विजेच्या मोटारींचा आणि वाहनांचा खडखडाट ज्याचा त्याचा वेगळा असतो. जे दोन्हीकडे नाही ते गाळून टाकता येते.

तिसऱ्या मुद्द्याशी मी जास्त वेळ थांबतो, कारण लातूर जिल्ह्यात तो निघणारच: या यंत्राने भूकंप आधी कळेल का? नाही. हे उत्तर केंद्राच्या पाटीवर लिहून ठेवले तरी चालेल. १९८९ साली कॅलिफोर्नियात लोमा प्रिएटाचा मोठा भूकंप झाला. स्टॅनफर्डच्या अँटनी फ्रेझर-स्मिथ यांचे एक चुंबकीय उपकरण केंद्रबिंदूपासून अवघ्या सात किलोमीटरांवर योगायोगाने चालू होते. त्याच्या नोंदीत भूकंपाच्या काही दिवस आधीपासून आणि शेवटच्या तीन तासांत तर विलक्षण वाढ दिसली. वीस वर्षे जगभर हे उदाहरण भाकिताचा पुरावा म्हणून सांगितले गेले. २००९ साली अमेरिकी शास्त्रज्ञांनी त्या नोंदी दुसऱ्या केंद्रांशी ताडून पाहिल्या आणि ती वाढ बहुधा उपकरणाच्या बिघाडाची होती असा निष्कर्ष काढला. यातून केंद्र नको असे निघत नाही. एकटे केंद्र नको, असे निघते. जमिनीवरच्या आलेखात थरथर दिसली तर ती सूर्याकडून आली की खालून, की यंत्र बिघडले, हे ठरवायला शेजारचे केंद्र आणि वरचा उपग्रह लागतोच. मे २०२४च्या सौर वादळात लडाखच्या आकाशात तांबडी प्रभा दिसली. त्या रात्री किल्लारीत एखादे सुटे यंत्र असते आणि त्याचा आलेख कुणी मोबाइलवरून फिरवला असता, तर या भागात काय घबराट उडाली असती याची कल्पना करावी. २०२२ साली निलंगा तालुक्यातल्या हासोरीत जमिनीतून आवाज येऊ लागले तेव्हा लोकांनी रात्री अंगणात काढल्या. भीती खोटी नव्हती. १९९३ पाहिलेल्या माणसाला आवाज म्हणजे आवाज नसतो. अशा जिल्ह्यात ‘हे वरून आले आहे, खालचे नाही’ असे पुराव्याने सांगू शकणारी सोय असणे ही चैन नव्हे.

राहिला पैशाचा प्रश्न. ज्या लातूरला २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे चुंबकीय स्पंदनांवर खर्च करायचा का, असे विचारणाऱ्याला मी चूक म्हणणार नाही. मात्र हे पैसे टँकरच्या खात्यातून निघत नाहीत आणि वाचवले तर टँकरच्या खात्यात जातही नाहीत. तुलना करायची तर ती विज्ञानाच्याच खर्चाशी करावी. औशाहून सरळ रेषेत सुमारे दीडशे किलोमीटरांवर, औंढा नागनाथला, गुरुत्वीय लहरींची लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहते आहे; एप्रिल २०२३मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिथेही चुंबकमापक लागतातच, कारण विजांच्या कडकडाटाने जमीन आणि आयनांबर यांच्यामध्ये सुमारे आठ हर्ट्झची चुंबकीय गुणगुण जगभर एकसारखी चालू असते, आणि दूरदूरच्या गुरुत्वीय वेधशाळांना ती एकाच वेळी फसवू शकते. म्हणजे मराठवाड्यात संवेदनशील चुंबकीय मोजणी होणारच आहे. प्रश्न एवढाच, की औंढ्याच्या जोडीला दक्षिणेकडे एक दुसरा बिंदू असेल की नसेल. त्या बिंदूला लायगोसारखे मोठे बांधकाम लागत नाही. लागतात ते वाऱ्याने हलू नयेत म्हणून जमिनीत पुरलेले तीन दिशांचे संवेदक, विद्युत क्षेत्रासाठी आडव्या-उभ्या मांडलेल्या तारा, उपग्रहावरून वेळ घेणारे घड्याळ, सौरपट्टी, आणि पगारावर असलेली दोन माणसे. या शेवटच्या बाबीत आपली केंद्रे मरतात. यंत्र खरेदीचा समारंभ होतो, तिसऱ्या वर्षी बॅटरी बदलायला कुणी नसते.

घाई मात्र खरीच आहे आणि ती जागेची आहे. मुंबईत विजेवरची ट्राम येणार हे दिसताच, तिच्या विजेने नोंदी बिघडू नयेत म्हणून, कुलाब्याचे चुंबकीय काम हलवण्यासाठी १९०४ सालीच अलिबागला नवी वेधशाळा बांधली गेली. नानाभाई मूस तेव्हा वेधशाळेचे प्रमुख होते. दोन्ही ठिकाणी १९०६पर्यंत समांतर नोंदी घेतल्या गेल्या, म्हणजे मालिका तुटली नाही. ट्राम धावली ती १९०७मध्ये. औशाच्या बाबतीत ट्राम केव्हाच निघाली आहे. तुळजापूर-औसा-लातूर-नांदेड मार्ग रुंद झाला, लातूरवरून जाणारी रेल्वे विजेवर आली, उच्चदाबाच्या वाहिन्या वाढत आहेत. शिवारात रात्री थ्री-फेज लाइट आली की पंप एकदम सुरू होतात, तारांतून आणि जमिनीतून प्रवाह उसळतो आणि नेमक्या शांत वेळी आलेखावर त्याची रांगोळी पडते. अशा भागात महामार्ग, लोहमार्ग आणि पंपांच्या दाट जाळ्यापासून काही किलोमीटर दूर असलेली थोडी सरकारी जमीन आजही शोधता येईल. भूकंपात पडलेली गावे दुसरीकडे वसली आणि त्यांची जुनी गावठाणे मागे राहिली; त्यातले एखादे, ग्रामसभेला आधी विचारून, तपासायला हरकत नाही. जागा महसूल खात्याने राखून ठेवावी आणि तिच्याभोवतीच्या ठरावीक परिघात वाहिनी किंवा टॉवर येणार नाही असे लिहून द्यावे. उपकरणे आणि मानके पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेची, अलिबागच्या मालिकेशी जुळणारी असावीत. रोजची देखभाल नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या भूशास्त्र संकुलाकडे आणि लातूरच्या उपकेंद्राकडे देता येईल, म्हणजे बॅटरी बदलायला पनवेलहून गाडी येण्याची वाट पाहावी लागणार नाही. नोंदी पहिल्या दिवसापासून सर्वांना खुल्या असाव्यात, आणि आदित्य व स्वॉर्म यांच्या त्याच वेळेच्या नोंदी त्यांच्या शेजारी मांडलेल्या असाव्यात.